आतून रंधा मारलेली पेटी

लॉरेल फोर्कच्या दफनभूमीत पक्ष्यांसाठी एकच पेटी लावायची परवानगी मिळाली, तीही वर्षभरापुरती, याला कारण एक साप झाला.

त्याआधी तिथे पोकळीत घरटी करणाऱ्या निळ्या पक्ष्यांसाठी आठ पेट्या होत्या. इमोजीन स्टिडमने पडक्या गोठ्याच्या फळ्या काढून त्या स्वतः ठोकल्या होत्या आणि कुंपणाच्या खांबांना तारेने बांधल्या होत्या. इमोजीनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने चाळीस पोरं सांभाळायची सवय, त्यामुळे सुतारकामातही तिचा खाक्या तोच. वस्तू चालली पाहिजे, दिसते कशी ते ज्याचं त्याने बघावं.

त्या आठ पेट्यांनी तिचं नाक कापलं. तीन चिमण्यांनी बळकावल्या. चिमणी म्हटलं की ज्यांना माया दाटून येते त्यांनी तिला इथे येऊन बघावं. निळ्या पक्ष्याची अंडी चोचीने फोडते, वेळ आली तर मादीला घरट्यातच ठार करते आणि वर तिथेच आपला संसार मांडते. दोन पेट्यांतली पिल्लं उन्हाने गेली. उरलेल्या पेट्या सापाने साफ केल्या, आणि शेवटचा घास घेऊन तो बाहेर पडला तो नेमका मे महिन्यातल्या कबरी सजवायच्या रविवारी, भर दुपारी, सारं खोरं फुलं घेऊन जमलेलं असताना. चार फुटांचं काळं धूड, पोटात तीन फुगवटे. ते निम्मं बाहेर लोंबलं आणि मिस ओव्हा प्रुइटच्या नवऱ्याच्या कबरीच्या दगडावर पडलं. मिस ओव्हा त्या वेळी तिथे वाकून फुलं ठेवत होत्या.

मिस ओव्हांचं वय एक्क्याऐंशी. शाळेत निम्म्या खोऱ्याला त्यांनी पाढे शिकवले होते, म्हणून लग्नानंतरही त्या सगळ्यांच्या मिसच राहिल्या. दफनभूमी समितीच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि खरं सांगायचं तर समितीही त्याच होत्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी चर्चच्या तळघरात सभा बोलावली.

"इमोजीन, उभी राहा," त्या म्हणाल्या.

त्रेसष्ट वर्षांची इमोजीन उभी राहिली.

"आठ पेट्या. त्यांतून पिल्लं किती उडाली?"

"एकही नाही, मिस ओव्हा."

"मग तू तिथे चालवतेस काय, सापांची खानावळ?"

सगळे हसले. इमोजीनचे कान तापले, पण ती खाली बसली नाही. आणखी एक वर्ष द्या, एवढंच ती म्हणाली, आणि तेच चार वेळा म्हणाली. शेवटी मिस ओव्हांनी चष्मा काढून पुसला. "एक पेटी. बघणाऱ्याला लाज वाटणार नाही अशी. पुढच्या सजावटीच्या रविवारी दिवस मावळेपर्यंत तिच्यातून एक तरी पिल्लू उडालेलं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पेटी खाली, आणि मी मरेपर्यंत हा विषय बंद."

"म्हणजे कायमचाच बंद," मागून कुणीतरी पुटपुटलं. मिस ओव्हांनी त्याला नावाने हाक मारून गप्प केलं.

इतक्या अपमानावर दुसऱ्या कुणी पेट्या उचलून घरच्या परसात लावल्या असत्या. इमोजीनला ते जमण्यासारखं नव्हतं. तिची आई ओडेसा याच दफनभूमीत, गवताळ उताराच्या कडेला निजली होती. इमोजीन लहान असताना त्यांच्या शेताचं कुंपण चेस्टनटच्या जुन्या खांबांचं होतं. खांब कुजून पोकळ झालेले आणि जवळजवळ प्रत्येक पोकळीत निळ्या पक्ष्यांचं बिऱ्हाड. एका हिवाळ्यात वडिलांनी ते खांब उपटून लोखंडी रोवले. वसंतात पक्षी आले, दोन दिवस तारांवर बसून राहिले आणि निघून गेले. आई आठवडाभर वडिलांशी बोलली नाही. पुढे म्हातारपणी तिला सगळ्याचाच विसर पडत गेला, लेकीच्या नावाचाही, पण मार्च लागला की स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ती विचारायची, "आले का गं?" आणि इमोजीन म्हणायची, "अजून नाही, आई." अकरा वर्षं ती हेच म्हणाली. बाराव्या मार्चला विचारणारं कुणी उरलं नव्हतं. ते "नाही" इमोजीनच्या घशात आजवर अडकून बसलं होतं. आईच्या उशाशी निळ्या पक्ष्याचं एक पिल्लू उडावं, एवढ्यासाठी ती मिस ओव्हांची बोलणी गिळत होती.

देखणी पेटी म्हणजे डेल्मर. इमोजीनचा हा थोरला भाऊ तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने जन्मभर स्वयंपाकघराची कपाटं केली. त्याचा ड्रॉवर ओढून कुणी उलटा केला तर जिथे कुणाची नजर जाणार नाही तो तळसुद्धा गुळगुळीत असायचा. याबद्दल त्याची बायको त्याला चिडवायची आणि तो खूश व्हायचा.

फेब्रुवारीत इमोजीन त्याच्या कामाच्या खोलीत गेली आणि टेबलावर चार नमुने पसरले. एक पाईपचा, एक उतरत्या तोंडाचा, एक भोकाऐवजी आडवी फट असलेला, आणि एक साधा चौकोनी. डेल्मरने मांजराने उंबऱ्यात आणून टाकलेला उंदीर बघावा तसं त्यांच्याकडे पाहिलं.

"यातलं काहीही माझ्या नावाने उभं राहणार नाही. आणि हा पाईप? आईच्या उशाशी मोरीचा पाईप लावणार तू?"

"पाईपला चिमण्या नाक मुरडतात. मला तेच हवंय."

"मीही नाक मुरडतोय. हे बघ." त्याने आपला कागद पुढे सरकवला. त्यावर एक छोटंसं पांढरं चर्च होतं. कोरलेल्या खिडक्या, वर निमुळता मनोरा, दाराच्या जागी भोक आणि भोकाखाली सुबक दांडी. चित्र सुंदर होतं, आणि त्याचाच इमोजीनला राग आला.

"ही दांडी कशाला?"

"मग पक्ष्याने बसायचं कुठे?"

"निळ्या पक्ष्याला दांडी लागत नाही. लागते ती चिमणीला. तू तिला दारात खुर्ची मांडून देतोयस."

डेल्मरने दांडी खोडली. "भोक दोन इंच."

"दीड."

"दोन शोभून दिसेल."

"दोनमधून स्टार्लिंगसारखे दांडगे पक्षी आत शिरतात. दीड म्हणजे दीड, डेल्मर. तुझ्या हातून केसभर जास्त झालं तर फळी बदलायची."

"माझ्या हातून केसभर जास्त," डेल्मर भिंतीकडे बघत म्हणाला, "ऐकलंत का?"

मग ती एकेक गोष्ट सांगत गेली आणि तो कुरकुरत लिहीत गेला. लाकूड तांबडं सीडर, फळी जाड, म्हणजे ऊन आत शिरणार नाही. छपराखाली हवेला फट. तळाला पाणी जायला भोकं. छप्पर पुढे पाच इंच, म्हणजे अंडी चोरणाऱ्या रकूनचा पंजा वरून आत पोचणार नाही. बाजूची फळी दारासारखी उघडणारी. खांब लोखंडी, आणि त्याच्या मधोमध धुराड्याच्या पत्र्याचं नळकांडं, वरून बंद, म्हणजे साप चढला तरी त्यात डोकं आपटून परत फिरेल. भोक तळापासून किती उंच, यावर डेल्मर अडला. चर्चचं दार प्रमाणात दिसायचं तर भोक आठ इंचांवर हवं, तो म्हणाला. इमोजीनने तेवढं सोडून दिलं.

"आणि हा मनोरा काढ. ससाणा येऊन बसेल त्याच्यावर."

"ससाणा चर्चचा मान ठेवतो."

"तू कधीपासून ठेवायला लागलास?"

"मनोरा राहील, इमी."

मनोरा राहिला. बाकीच्या गोष्टींत आपण जिंकलो या आनंदात इमोजीन घरी गेली. एक गोष्ट मात्र बोलायची राहून गेली होती, आणि ती दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पेटी उभी राहिली आणि लोक गाड्या थांबवून बघायला लागले. मिस ओव्हांचं घर दफनभूमीच्या समोरच. त्या ओसरीवर दुर्बीण घेऊन बसायच्या आणि कुणी विचारलं तर म्हणायच्या, मी रस्ता बघतेय. चौथ्या दिवशी नर आला. पाठ अशी निळी की बाकीचं सगळं मळकट वाटावं. तो छपरावर बसला, भोकात डोकावला, मग मादीला घेऊन आला. इमोजीन आईच्या कबरीपाशी उभी होती. तोंडापर्यंत आलेलं तिने परत गिळलं. आले, म्हणून सांगून टाकायचं आणि पुढे साप यायचा. पिल्लू उडेपर्यंत आईला काही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं.

दर सोमवारी ती पेटीवर टकटक करायची, मादी बाहेर पडली की फळी उघडायची आणि वहीत लिहायची. एप्रिलमध्ये पाच निळसर अंडी झाली. चिमण्या दोनदा आल्या. इमोजीनने छपरावरून चमकत्या पट्ट्या लोंबत्या सोडल्या, तेव्हा त्या शिव्या घालत निघून गेल्या. मे महिन्याच्या तीन तारखेला पाचही अंडी फुटली. बाराव्या दिवशी तिने शेवटचं आत पाहिलं, पेटी बंद केली आणि खांबाला पाटी लावली, "आता कुणीही उघडू नये." तेराव्या दिवसानंतर उघडलं की घाबरलेली पिल्लं उडता येत नसतानाच उड्या मारतात आणि जमिनीवर मरतात. हे तिने चर्चमध्ये सगळ्यांना इतक्या वेळा बजावलं होतं की लोक तिला पाहिल्यावर आपणहून म्हणायचे, नाही उघडलं.

पिल्लं अठराव्या दिवशी उडतात. अठरावा दिवस गेला. एकोणिसावा, विसावा गेला. इमोजीन लांब खुर्ची टाकून बसायची, घरी जेवण करपायचं. बाविसावा दिवस उजाडला तो सजावटीचा रविवार होता.

सकाळी दहापर्यंत गवतावर लांबच लांब टेबलं लागली. कोंबडी, घेवडा, मक्याची पोळी, सात प्रकारचे केक. कबरी फुलांनी भरून गेल्या. मिस ओव्हा आपली झाकणाची वेताची टोपली मांडीवर घेऊन बरोबर पेटीसमोर बसल्या होत्या. टोपलीत सुक्या सफरचंदांचा थरांचा केक होता आणि त्याला दुपारपर्यंत कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता.

"इमोजीन," त्या म्हणाल्या, "दिवस मावळायला अजून वेळ आहे. पण मला घाईही नाही."

इमोजीनचं लक्ष तारेकडे होतं. नर आणि मादी चोचीत अळ्या धरून बसले होते, हाका मारत होते, आणि पेटीकडे येत नव्हते. बाहेर या आणि खा, असं चाललेलं. पण भोकातून एकही डोकं वर येत नव्हतं. ती उठली, सगळ्यांच्या देखत पेटीपाशी गेली आणि फळीला कान लावला.

आतून खरखर ऐकू आली. मग काहीतरी घसरल्याचा आवाज, मग धप्प. पुन्हा खरखर, घसरण, धप्प.

तिचे स्वतःचे हात तिला आठवले. गोठ्याच्या फळ्यांच्या पेटीत हात घातला की दर वेळी बोटात लाकडाचं कुसळ जायचं. पिल्लं अशाच खरबरीत फळीला नखं रोवून भोकापर्यंत चढतात.

"डेल्मर," ती वळून म्हणाली, "पेटीला आतून रंधा मारलास?"

"म्हणजे काय," डेल्मर टेबलाशी उभा राहून अभिमानाने म्हणाला. "आतून रंधा न मारलेली वस्तू मी आजवर कुणाच्या हातात दिलेली नाही. वर मेणाचे तीन हात दिलेत. काचेसारखी आहे आतून."

मग त्याने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातली बशी वाकडी झाली.

"पेटी उघडावी लागेल," इमोजीन म्हणाली.

"पाटी तूच लावलीस," मिस ओव्हा म्हणाल्या.

"हो. मीच लावली आणि मीच मोडतेय. न उघडता ती आत उपाशी मरतील. उघडली तर कदाचित माझ्या हातून मरतील. मिस ओव्हा, मला तुमची टोपली द्या."

मिस ओव्हांना आजवर असं काही मागायची हिंमत कुणी केली नव्हती. त्यांनी एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. मग केक उचलून सरळ शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवला आणि टोपली पुढे केली.

इमोजीनने टेबलावरचं फडकं घेतलं, फळी जेमतेम हाताएवढी उघडली, फट फडक्याने झाकली आणि हात आत घातला. एक, दोन, तीन, चार पिल्लं फडक्यासकट टोपलीत गेली. पाचव्याने तिच्या अंगठ्याला चोच मारली आणि तिला हायसं वाटलं. चोच मारायचं बळ अजून शिल्लक होतं. टोपलीचं झाकण लावून तिने ती मिस ओव्हांच्या मांडीवर दिली.

"हात ठेवा झाकणावर. उचलू नका."

"मला शिकवू नकोस," मिस ओव्हा म्हणाल्या, पण हात ठेवला. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "केवढी धडपड चाललीय यांची."

डेल्मर गाडीतून पटाशी आणि हातोडी घेऊन आला. खांबापाशी उभं राहून त्याने आतल्या फळीला पटाशी लावली आणि तसाच थांबला.

"चूक माझी आहे," इमोजीन त्याच्या शेजारी येत म्हणाली. "ही गोष्ट मी तुला सांगितलीच नाही."

"सांगितली असतीस तरी मी ऐकली नसती," डेल्मर म्हणाला आणि पहिला घाव घातला. मेणाचा पापुद्रा उडाला. भोकाखाली त्याने आडव्या खाचा पाडल्या, खोल आणि वेड्यावाकड्या, एकाखाली एक, अगदी घरट्यापर्यंत. सदुसष्ट वर्षांचा कपाटवाला आपलं सगळ्यात देखणं काम सगळ्या खोऱ्यासमोर ओरबाडत होता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. काम झाल्यावर त्याने आत बोट फिरवलं आणि बाहेर काढलं. बोटात कुसळ गेलं होतं.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला.

पिल्लं परत घरट्यात गेली. घाबरून एकदम बाहेर झेपावू नयेत म्हणून डेल्मरने गळ्यातला रविवारचा टाय सोडून भोकात कोंबला. पंधरा मिनिटांनी आतली सळसळ थांबली, तेव्हा इमोजीनने टायचं टोक धरून तो अलगद ओढून घेतला, आणि सगळे मागे सरले.

पाद्रीबुवांनी प्रार्थना सुरू केली. ती दरवर्षी लांबते, त्या दिवशीही लांबली, पण त्या दिवशी एकाचेही डोळे मिटलेले नव्हते, पाद्रीबुवांचेसुद्धा. तारेवर मादीने हाक दिली. आत खरखर झाली. घसरल्याचा आवाज आला नाही. पुन्हा खरखर, आणि भोकात एक ठिपकेदार डोकं आलं, डोळ्यांभोवती पांढरं कडं, चेहऱ्यावर भयंकर नाराजी. ते थोडं बाहेर झुकलं, आणखी झुकलं, आणि पडतंय की काय असं वाटत असतानाच उडालं. हवेत दोनदा डगमगलं आणि एका कबरीच्या दगडावर जाऊन आदळल्यासारखं बसलं. तो दगड मिस ओव्हांच्या नवऱ्याचा होता. गेल्या वर्षी साप पडला होता तोच.

कुणीतरी "आमेन" म्हणालं आणि प्रार्थना तिथेच संपली. लोक टाळ्या वाजवू लागले तशी इमोजीनने बसमधला आवाज काढला, "गप्प बसा. अजून चार आहेत." दोनशे माणसं गप्प बसली.

दुसरं आणि तिसरं पाठोपाठ निघालं. चौथ्याने भोकात बसून अर्धा तास विचार केला. तोवर जेवणं उरकली, केक संपला, लोक निरोप घ्यायला लागले. मिस ओव्हांची नात त्यांना घरी न्यायला आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी मोजतेय, दिसत नाही का तुला?" पाचवं पिल्लू, ते चोच मारणारं, पाच वाजून गेल्यावर बाहेर पडलं आणि सगळ्यांत लांब गेलं. उतार ओलांडून ते कुंपणापर्यंत पोचलं आणि लोखंडी खांबावर बसलं. लगेच नर खाली आला आणि त्याच्या तोंडात अळी भरवली. इमोजीनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या मनातही आलं नाही. आपण जिंकलो, एवढंच तिला कळत होतं.

मिस ओव्हा काठी टेकत उठल्या. "पाच," त्या म्हणाल्या. "मी एकच मागितलं होतं. पुढच्या वर्षी किती पेट्या लावता येतील?"

"आठ," इमोजीन म्हणाली.

"बारा लाव. जागा आहे. आणि डेल्मर, तो मनोरा काढून टाक. डोळ्यांत खुपतो."

कुसळ रुतलेलं बोट चोखत डेल्मर टेबलं आवरायला गेला.

सगळे पांगल्यावर इमोजीन आईच्या कबरीपाशी आली. फुलं जराशी सरकवून तिने दगडावर हात ठेवला. कुंपणाकडून पिल्लांचा कलकलाट अजून ऐकू येत होता.

"आले गं, आई," ती म्हणाली.